नाताळच्या गोष्टीला हुंकार

तिसरंही पुस्तक प्रेमलाताईंनी परत सरकवलं. चित्रं झकास, पण पानभर मजकूर. चार वर्षांची पोर तेवढा दम धरणार थोडीच!

दुकानदार विश्वेश्वर कंटाळला नव्हता. गोदौलिया बाजारातल्या त्या दुकानात येऊन नाताळची चित्रपुस्तकं मागणारी मंगला गौरी मोहल्ल्यातली मराठी बाई ही एकटीच. त्यानं विचारलं, "माताजी, बच्ची को पसंद क्या है?"

प्रेमलाताईंना सांगता येईना. नात टोरांटोला. दर रविवारी सकाळी सातला, तिकडे तिची झोपायची वेळ झालेली असायची, तेव्हा अर्धा तास फोनवर गोष्ट. आठवड्यात पोटभर बोलणं व्हायचं ते तेवढंच. बाकी सहा दिवस घर खायला उठायचं. पोर कंटाळली तर तो अर्धा तासही जाणार, या धास्तीनं त्या पुस्तकं अशी पारखून घेत, जसं काही लेकीला स्थळच पाहताहेत.

त्यात जूनपासून हिमानीला नवं खूळ लागलं होतं. कॅमेऱ्यासमोर यायचंच नाही, डोक्यावरून पांघरूण घेऊन ऐकायचं. मुलगा निनाद म्हणाला होता, लाजते ती, हट्ट करू नकोस. फोन टेबलाला टेकवून आपण भांडी घासायला जातो, असं तो आधीच कळवायचा. सूनबाई मृणालिनी नेहमी कामावर. समोर नुसता पांघरुणाचा ढीग. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय.

पण गोष्टीला हूं द्यायचा, हा घरचा नियम. निनादलाही लहानपणी तोच होता. हूं थांबला की गोष्ट थांबली. पोर बोलत नसे, पण हूं बरोबर देई. घसा बसल्यासारखा वाटे, म्हणून त्या दर खेपेला निनादला हळदीचं दूध द्यायला बजावत. एकदा बालाजी घाटावर माकडानं शेजारच्या यज्ञेशकाकांचा चष्मा पळवला, तो किस्सा त्यांनी मध्येच घुसवला, तर पांघरूण गदागदा हसलं. तिकडे वाढणाऱ्या पोरीला एवढं मराठी कळतं! त्यांनी गल्लीभर सांगितलं.

शेवटी पसंत पडलं ते बर्फात वाट चुकलेल्या रेनडिअरच्या पाडसाचं पुस्तक. दोन दुपारी बसून त्यांनी इंग्रजी ओळींवर मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या.

रविवारी चित्र कॅमेऱ्याकडे धरून त्या वाचू लागल्या. नाताळचा दिवस, पाडस दारोदार विचारत फिरतंय. हूं. ससा म्हणतो, पुढचं घर बघ. हूं.

"शेवटी पाडस घरी पोचलं. दिवा चालू होता, पण आत कुणीच नव्हतं."

हूं आला नाही.

"झोपलीस का गं, सोनू?"

ढीग हलेना. मेलं हे पुस्तक घ्यायलाच नको होतं, घाबरवलं आपण पोरीला. त्यांनी घाईघाईनं पान उलटलं.

"अगं, सगळे त्यालाच शोधायला गेलेत. आता भेटतील. हूं दे बघू."

पांघरूण खाली सरकलं. आत निनाद होता. चाळिशीचा बाप्या, गुडघे पोटाशी घेतलेले, डोळे सुजलेले.

"मृणालिनी हिमानीला घेऊन जूनमध्येच घर सोडून गेली, आई," तो म्हणाला. "पुढं वाच ना. हूं."