विसाव्याचा दगड

दहावं माणूस म्हणून संघपालने शेवटी आजीलाच आणलं. दहा डोकी भरली नाहीत तर वारसा फेरी रद्द होते, आणि आजची रद्द होऊन चालणार नव्हती. कंपनीचे सुमंत सर आज स्वतः सोबत होते. सहा महिने कच्चा गाईड म्हणून नागपूरच्या उन्हात घसा फोडून झाला होता. आजचा शेरा चांगला पडला की संघपाल पक्का. माणसं कमी पडली की घरची मंडळी पर्यटक म्हणून उभी करायची, ही सगळ्याच गाईडांची रीत होती, आणि सुमंत सरही तिकडे काणाडोळा करत. प्रयागबाई ऐंशीच्या. फेरीनंतर तर्री-पोहे मिळतील या आमिषावर त्या आल्या होत्या. गळ्यात कंपनीचा निळा पट्टा घालून त्या सगळ्यांच्या मागून, पण नेटाने चालत होत्या.

तिसरा थांबा याच आठवड्यात वाढवलेला. जुनी बावडी. कंपनीने तिच्यातला गाळ काढला, कठड्याला रंग दिला, दिवे लावले आणि वरून मजकूर मंजूर करून आणला. मंजूर मजकुराबाहेर गाईडने एक शब्द बोलायचा नाही, हा पहिला नियम. मागच्या महिन्यात ऋषिकेश नावाच्या पोराने एका राजाविषयी पदरचं काहीतरी जोडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पट्टा काढून घेतला गेला. संघपालने मजकूर दोन दिवसांत तोंडपाठ केला होता.

‘‘ही बावडी सर्वांसाठी खुली होती,’’ तो कठड्याजवळ उभा राहून म्हणाला. ‘‘आणि हा पाहा विसाव्याचा दगड. पाणी भरायला आलेल्या बायका इथे बसून घटकाभर गप्पा मारत.’’

पुण्याहून आलेली पायल लगेच दगडावर बसली. तिच्या मैत्रिणीने फोटो काढले. बाकीचे आपली पाळी यायची वाट बघत उभे राहिले.

तेवढ्यात मागून कोणीतरी संघपालची बाही ओढली. प्रयागबाई होत्या.

‘‘हेच ते बावडी होय गा,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘या गोट्यावर माही माय घागर ठेवे, अन् दहा पावलं मागं सरून उभी राहे. कोनाले दया आली तर तो वरून पानी टाके. मी तिच्या लुगड्याले धरून राहो. दुपार होऊन जाये.’’

छपन्नच्या दीक्षेआधीची ही गोष्ट संघपालने घरी शंभरदा ऐकली होती. बावडी मात्र कोणती, ते कोणी सांगितलं नव्हतं. घरात तिला नावच नव्हतं, नुसतं ‘तिकडची’ म्हणायचे. त्याने दगडाकडे पाहिलं. त्यावर पायलने आता पाय दुमडून मांडी घातली होती. आजीला इथे आणायची दुर्बुद्धी आपल्याला कुठून झाली, म्हणून त्याला स्वतःचीच चीड आली.

‘‘सर्वांसाठी म्हणजे अगदी सगळेच यायचे का?’’ पायलने विचारलं. तिच्या प्रश्नात खोच नव्हती, सहज विचारलं होतं.

सुमंत सरांनी कागदावरून मान वर केली.

एकच वाक्य बोलायचं होतं. सहा महिन्यांत संघपाल राजांची, इंग्रजांची, हत्तीघोड्यांची हजार वाक्यं बोलला होता. हे एक तेवढं घरचं होतं, आणि ते ओठापर्यंत आलंही होतं.

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘सगळेच.’’

पण पायलचं समाधान झालं नव्हतं. ‘‘आजी, तुम्ही इथल्याच ना? तुम्हाला आठवतं का काही?’’

सगळे वळले. सुमंत सर दोन पावलं पुढे आले. आजीने आता सांगून टाकावं असं संघपालला फार वाटलं, आणि आजीने काही म्हणजे काही बोलू नये असंही त्याच क्षणी वाटलं.

प्रयागबाईंनी पायलकडे पाहिलं नाही. त्यांनी नातवाकडे पाहिलं. त्याच्या गळ्यातला पट्टा घामाने भिजून मानेला चिकटला होता.

‘‘आठवते ना, बाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माही माय येत जाये इथी. या गोट्यावर बसे. मस्त गोष्टी करे बायाईसंगं. कोनी काही म्हने नाही.’’

‘‘वा!’’ कोणीतरी म्हणालं. सुमंत सरांचा चेहरा उजळला.

‘‘अरे संघपाल, हे आधी नाही का सांगायचं! प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस आहे हे!’’ त्यांनी कागदावर घाईघाईने शेरा लिहिला, कागद बगलेत मारला आणि खिशातून फोन काढला. ‘‘आजी, इथे बसा. दगडावरच. हेच परत एकदा सांगा. आपण दर फेरीला दाखवू.’’

पायलने उठून जागा दिली. आधाराला संघपालने हात पुढे केला, पण प्रयागबाईंनी पायलचा हात धरला. दगड भरपूर रुंद होता. त्या अगदी कडेला, अर्ध्याच टेकल्या. सगळं पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द.

सुमंत सरांनी फोनमध्ये पाहिलं. त्यांचं मन भरलं नाही.

‘‘छान आहे. फक्त आजी, थोडं हसून बोला. आणि सुरुवातीला आईचं नाव घ्या.’’

प्रयागबाईंनी पदर सारखा केला.

‘‘भागीरथा,’’ त्या म्हणाल्या, आणि हसल्या.