उरलेले आठ टक्के

ऋषी सासुरवाडीला आला होता. घरामागच्या हिरड्याच्या कुजक्या ओंडक्यावर त्याला अळंब्यांचा पांढराशुभ्र झुपका दिसला, तसा त्याने मोबाईल काढून फोटो मारला. अळंबी ओळखणारं ॲप म्हणालं, खाण्याजोगी, ब्याण्णव टक्के खात्री.

“वारुळावरची आमी वळखतो, पावणं. लाकडावरची कुणी कधी खाल्ली न्हाई,” सासूबाई, बायडाबाई, चाचरत म्हणाल्या. ऋषीने त्यांना अर्धा तास विज्ञान समजावलं आणि पाटीभर अळंबी स्वतःच्या हाताने खुडून चुलीपाशी नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायडाबाईंनी जावयापुढे अळंबीच्या झणझणीत रश्श्याची वाटी ठेवली. बाकीच्यांच्या ताटात पिठलं होतं. शेवटी मान जावयाचाच, अशा समाधानात ऋषीने भाकरी मोडली आणि समोर पाहिलं, तर बायको, सासरे, सासूबाई, सगळे हात आवरून त्याच्याच तोंडाकडे बघत बसलेले.

त्याला एकाएकी उरलेले आठ टक्के आठवले.

“आई, आज माझा गुरुवारचा उपास. ध्यानातच राहिलं नाही बघा,” सकाळी दोनदा पोहे मागून घेतलेला ऋषी म्हणाला.

बायडाबाईंनी शांतपणे ती वाटी आपल्या पुढ्यात ओढली.


“तुमची कालच पुरून टाकली, पावणं. ही नारायणगावच्या बाजारातली, पाकिटातली, खास तुमच्यासाठी मागवली व्हती. पण आता उपास म्हणल्यावर आमालाच खावी लागंल.”