टॉफीचा डबा

मॅचच्या आधी सगळे खेळाडू लग्नाची अंगठी काढून टॉफीच्या एका जुन्या डब्यात टाकायचे. लीड्सजवळच्या या हौशी रग्बी लीग क्लबची ही साठेक वर्षांची रीत. इतकी वर्षं डबा डोरीन सांभाळायची. यंदा तिचे हात थरथरायला लागले, म्हणून तिने तो माझ्याकडे दिला. यतीन संघात नवा, मी त्याची नवी बायको. "सगळे आपापली घेऊन गेले तरी तळाशी एक उरतेच," ती म्हणाली. "माझ्या स्टॅनची. बासष्ट सालापासून." पुढचं विचारायचा मला धीर झाला नाही. मॅचभर मी डबा पोटाशी धरून बसले. कुणी चिखलात पडलं की आधी पाठीवरचा नंबर बघायचे. एकदा तो नऊ होता, यतीनचा. तो डोकं धरून उठला, त्याने मला हात केला आणि पुन्हा पळाला. शेवटची शिट्टी झाल्यावर एकेक जण येऊन आपली अंगठी घेऊन गेला. यतीनचं बोट सुजलं होतं, त्याची चढेना. "राहू दे डब्यातच," तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी घालीन." आणि गाडीकडे गेला. डोरीनने कापऱ्या बोटांनी ती अंगठी बाहेर काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली. "स्टॅनही असंच म्हणाला होता," ती म्हणाली. "त्यालाही डोक्यालाच लागलं होतं. घरी आला, पोटभर जेवला, झोपला. यतीनला आज झोपू देऊ नकोस, पोरी." मी पळत गाडीपाशी गेले. सीट मागे टाकून यतीनने डोळे मिटले होते.