पाचवा आवाज

"बाळ घरात असताना ही स्पीकर तपासायची रेकॉर्ड लावू नका," असं टर्नटेबल विकणाऱ्या म्हाताऱ्यानं मला बजावलं होतं. आवाज मोठा असेल म्हणून सांगतोय, असं वाटून मी हसण्यावारी नेलं.

कॉव्हेंट्रीतल्या आमच्या फ्रंट रूमच्या चार कोपऱ्यांत माझ्या नवऱ्यानं, हरीशनं, चार स्पीकर मांडले, सुईचा दाब जमवला आणि रविवारी दुपारी ती रेकॉर्ड लावली. एका इंग्रज माणसाचा आवाज एकेका कोपऱ्यातून क्रमानं आला. वन. टू. थ्री. फोर.

मग फाइव्ह. आमच्या जुईच्या कॉटमधून. "पाचवा स्पीकर कॉटमागे ठेवलायस का?" मी विचारलं.

"अगं, स्पीकर चारच आहेत! आणि म्हणे एम.एस्सी. मॅथ्स!" हरीश म्हणाला.

मी जुईला उचलून किचनमध्ये नेलं. सात महिन्यांची पोर, दोनच दात आलेले. आकडे पुन्हा सुरू झाले. फोरनंतर माझ्या खांद्यावरून ती त्याच पुरुषी आवाजात म्हणाली, "फाइव्ह."

 हरीशनं धावत जाऊन प्लग काढला. रेकॉर्ड फिरायची थांबली, पण कोपरे बोलतच राहिले. मी जुईच्या ओठांवर हात ठेवला, तरी तिचा आकडा आलाच. तेव्हापासून ती एकदाही स्वतःच्या आवाजात रडलेली नाही.

आज फाइव्हनंतर सिक्सही ऐकू आला. खूप लांबून, दुसऱ्याच कुठल्यातरी घरातून.

तुमच्याकडे तान्हं मूल असेल, तर हे वाचत बसू नका. उठा, आधी त्याला बघून या.