नेलपॉलिशचा ठिपका

धाकट्या भावाच्या फ्लॉपी डिस्क थोरल्याच्या कॉम्प्युटरवर चालेनात. दोघांचेही कॉम्प्युटर जुनेपुराणे, पण कंपन्या वेगळ्या. थोरल्यानं त्यासाठी खास प्रोग्राम लिहिला होता, तरी पडद्यावर चुकांच्या ओळीच येत होत्या.

शेजारी भावजय पर्स मांडीवर घेऊन बसली होती. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यानं बसवलेल्या चाली फक्त या खोकाभर डिस्कांत होत्या, आणि त्याचा कॉम्प्युटर तिनं आवराआवरीत भंगारात देऊन टाकला होता. ते ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

"गेल्या का हो, भाऊजी?"

थोरल्यानं डिस्क बाहेर काढून उलटसुलट करून पाहिली. डिस्क चांगल्या होत्या, हे त्याच्या आता लक्षात आलं होतं. धाकट्याच्या ड्राइव्हचं हेड, म्हणजे डिस्कवर लिहिणारा-वाचणारा भाग, जागेवरून केसभर सरकलेलं होतं, त्यामुळे लिहिलेलं सगळंच केसभर बाजूला उमटलं होतं. दुसऱ्या कुठल्याही धड ड्राइव्हला ते सापडणार नव्हतं. हे धाकट्याला सांगून सांगून त्यानं हात टेकले होते. एकदा तर स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्या घरी गेला होता. माझं मला वाचता येतं, तुझं तू बघ, असं म्हणून धाकट्यानं त्याला दारातूनच वाटेला लावलं. तेव्हापासून जो अबोला झाला तो शेवटपर्यंत. एवढ्याशा गोष्टीवरून. हट्टीपणात कुणी कुणाला हार जाणारा नव्हता.

थोरल्यानं स्वतःच्या ड्राइव्हचं झाकण काढलं. आतला, हेड जागेवर धरणारा स्क्रू त्यानं डोळ्यांत तेल घालून बसवला होता आणि हलू नये म्हणून त्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. त्याला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. तो ठिपका त्यानं नखानं खरवडून काढला.

"बिघडेल ना तो?" भावजय म्हणाली.

"बिघडवतोच आहे."

स्क्रू जरासा फिरवायचा, डिस्क घालून बघायची, पुन्हा जरासा फिरवायचा. दुपार त्यातच गेली. हळूहळू चुकांच्या ओळी कमी झाल्या, मग येईनाशाच झाल्या, आणि स्पीकरमधून पत्र्यासारख्या आवाजात एक चाल वाजायला लागली. चाल बसवणाऱ्यासारखीच उडाणटप्पू होती. भावजयीनं पर्समधून रुमाल काढला आणि तसाच हातात धरून ठेवला. थोरल्याला रडू आलं, ते त्यानं लपवलं नाही.

एकेक डिस्क घालून त्यानं सगळ्या चाली हार्डडिस्कवर उतरवून घेतल्या. खोकं बंद केलं.

"आता तुमच्या स्वतःच्या डिस्क यावर चालायच्या नाहीत ना?" भावजयीनं विचारलं. "परत होतं तसं करून घ्या, भाऊजी."

थोरल्यानं स्क्रू होता तिथेच घट्ट केला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला हाक मारली आणि नेलपॉलिशची बाटली मागितली.