ओलं व्हार्निश

मामांनी थिनरच्या डब्याचं झाकण मुद्दाम सैल ठेवलं आणि "चहा पिऊन येतो रे" म्हणून बाहेर पडले. चहा कुठला! फर्निचरच्या त्या कारखान्याला वळसा घालून ते मागच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले.

आत भाचा एकटा. बाविशीतला पोरगा, थिनर हुंगायच्या नादापायी व्यसनमुक्ती केंद्रात राहून नुकताच परतलेला. मनात आलं की हात पुढे, विचार मागाहून, हा त्याचा लहानपणापासूनचा स्वभाव. व्हार्निश वाळलं का हे बघायला बोट लावल्याशिवाय त्याला कधी राहवलं नव्हतं. आज हात डब्याकडे गेला तर त्याला परत केंद्रात सोडायचं, नाही गेला तर हाताशी ठेवून घ्यायचं, असं मामांनी ठरवलं होतं. आणि हे आजच्या आज कळायला हवं होतं. उठताबसता "वाळू दे, घाई करू नकोस" म्हणणाऱ्या माणसाचा हा धीर!

भाच्याने ब्रश पुसले. मान वळवून डब्याकडे पाहिलं. उठला.

डब्यापाशी जाऊन तो वाकला, थबकला आणि एकदम वळून त्याने पंजा शेजारच्या टेबलावर दाबून धरला. मामांनी तासाभरापूर्वीच व्हार्निश दिलेलं, लखलखीत टेबल.

"अरे गाढवा!" मामांच्या तोंडून निघून गेलं.

भाचा दचकला. खिडकीकडे बघत राहिला. मग डब्याकडे.

"झाकण तूच सैल ठेवलंस ना, मामा?"

मामा आत आले. झाकण बसवून त्यावर हातोडी ठोकली. "पण टेबलावर कशाला हात ठेवलास?"

"कुठेतरी ठेवायला हवा होता." त्याने चिकट तळवा पँटला पुसला. "उद्या टेबल जवळ नसलं तर?"

मामांना स्वतःची लाज वाटली. टेबलावर पाचही बोटं खोल उमटली होती.

भाच्याने पॉलिशपेपर उचलला. "घासून काढतो."

"ओलं आहे अजून. वाळू दे."

दोघं स्टुलं ओढून टेबलाशी बसले. डबा मामांनी मांडीवर घेतला होता.