भिक्षेची सकाळ

कौतिकाबाई उंबऱ्यात अशा काही बसल्या होत्या, की आतून बाहेर मांजरसुद्धा जाऊ नये. मागे सून मंजुषा भाताचं पातेलं धरून उभी होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

"आत्या, सरका ना जरा. आले बघा ते."

"येऊ दे की. रस्ता काय माझ्या बापाचा न्हाई."

भोसरीतल्या त्या गल्लीत लग्नघरासारखी धांदल होती. दारोदार सडा पडला होता. बायका पांढऱ्या साड्या नेसून, ताटं घेऊन उभ्या होत्या. विहारात श्रामणेर शिबिर लागलं होतं. दहा दिवस घरदार सोडायचं, डोकं तुळतुळीत करायचं, चीवर घालून भिक्खूसारखं राहायचं आणि भिक्षेत मिळेल तेवढंच जेवायचं. चाकणच्या कंपनीत ज्याच्या हाताखाली अख्खी लाइन चालते, तो कौतिकाबाईंचा सुजितही त्यात होता.

मुंडणाला बाईंची हरकत नव्हती. चीवर तर त्यांनी स्वतः धुऊन, घडी घालून दिलं होतं. पण भिक्षेचं नाव निघालं आणि त्यांचं डोकं फिरलं.

"तुझा आजा, माझा बाप, गावची भाकर मागायचा," त्यांनी लेकाला सुनावलं होतं. "टोपलं माझ्या डोक्यावर. 'भाकर वाढा वो माय' म्हनून वरडायचं, अन् वाढंपर्यंत दारात उभं ऱ्हायचं. शिळी टाकायचे, वरून, इटाळ नको म्हनून. बाबासाहेबांनी ती सोडायला लावली तवा आमी मानसं झालो. अन् तू सुपरवायझर होऊन कटोरा घेऊन हिंडतो?"

सुजित वाद घालणाऱ्यातला नव्हता. "आई, मी सांगतो म्हणून मानू नको. बुद्धांनी पण तेच सांगितलंय. ऐकून मानायचं नाही, येऊन बघायचं."

"म्या बघितलंय. तू जन्मायच्या आदी."

भिक्षेला तो येणार मात्र होताच. आपलं-परकं न बघता ओळीनं प्रत्येक दारापुढे थांबायचं, मधलं घर गाळायचं नाही, असा भिक्षेचा नियम.

रांग आली. पुढे भंतेजी, मागे श्रामणेर, सगळे अनवाणी, नजर जमिनीवर. भंतेजी दारापुढे थांबले. कौतिकाबाई हलल्या नाहीत. भंतेजी थोडा वेळ उभे राहिले आणि पुढे गेले. त्यांच्या मागचा थांबला, तोही गेला. सगळी गल्ली बघत होती. मंजुषाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळ्यात शेवटी सुजित होता.

कौतिकाबाईंची मनातल्या मनात जय्यत तयारी होती. तो 'आई' म्हणेल, पात्र पुढे करेल, की चारचौघांत त्याला असं काही बोलायचं की पुन्हा कटोऱ्याचं नाव काढणार नाही. पण सुजित बोललाच नाही. पात्र त्याने पोटाशी धरलेलं होतं, ते पुढे केलं नाही. मान खाली होती. मागणाऱ्याची खाली घातलेली मान कौतिकाबाईंच्या ओळखीची होती. त्या मानेखालचे डोळे भाकरीवर असतात, वाढणारीच्या हातावर असतात. याचे डोळे कुठेच फिरत नव्हते.

तो थोडा वेळ उभा राहिला आणि पुढे निघाला. या दारातून पात्रात काही पडलं नव्हतं, तरी चालीत ना राग होता ना घाई. कौतिकाबाई त्याच्या पाठीकडे बघतच राहिल्या. त्यांच्या बापाला कुठलं दार असं सोडून जाता आलं नव्हतं. घरी लेकरं वाट बघत असायची.

शेजारच्या दारात रहमतबी उभ्या होत्या. सुजित समोर येताच त्यांनी चपला काढल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोन्ही हातांनी त्याच्या पात्रात शिरा घातला. घालताना त्या वाकल्या. लहानपणी ज्याला त्यांनी कान धरून मशिदीमागच्या भिंतीवरून खाली उतरवलं होतं, त्या पोरापुढे वाकल्या.

तेवढ्यात कौतिकाबाई उठल्या. सुनेच्या हातातलं पातेलं त्यांनी हिसकून घेतलं आणि पांढऱ्या केसांची ती बाई भर गल्लीत धावत सुटली.

"भंतेजी! थांबा! ओ भंतेजी, थांबा की!"

आपल्या लेकाला त्या भंतेजी म्हणत होत्या. सुजित थांबला. त्याने झाकण काढलं. कौतिकाबाईंनी भात वाढला तो इतका, की पात्राच्या काठावरून सांडायला लागला. मग गुडघ्यांची कुरकूर न ऐकता त्या खाली बसल्या आणि डांबरावर कपाळ टेकवलं. सुजितने त्यांना उठवलं नाही. चिवरातल्या माणसाने तसं करायचं नसतं. त्याने हळू आवाजात मंगल वचन म्हटलं आणि रांगेमागे चालू लागला.

रहमतबींनी येऊन कौतिकाबाईंना हाताला धरून उभं केलं. कपाळाला धूळ तशीच होती.

"मावशी, इतक्या पळत आल्या! काय मागितलं बेट्यानं?"

"त्यानं?" कौतिकाबाई ताठ झाल्या. गल्लीच्या पार टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझं लेकरू कुनाला काय मागत न्हाई. म्याच मागत पळाले त्याच्या मागं, घ्या म्हनून."